सर्वांत लहान अंतर

गेल्या पावसाळ्यात गणिताचे शिक्षक रजेवर असल्यामुळे नववीच्या वर्गावरील त्यांचा एक तास आमच्याकडे आला. आम्ही भाषा शिकविणारे. गणिताचे वा पदार्थविज्ञानाचे पदवीधर नव्हे. तरीही फळ्यावर एक रेषाखंड काढून त्याचे दोन भाग, त्यांतील एकाचे पुन्हा दोन भाग, असे करीत आम्ही मुलांस सांगितले की, ही क्रिया कधीही संपत नाही. कोणत्याही दोन बिंदूंच्या मध्ये आणखी एक बिंदू असतोच. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, हे भूमितीतल्या रेषेचे झाले. पण खऱ्या जागेचे काय? जागासुद्धा अशी कितीही वेळा अर्धी करता येते का?"

आम्ही क्षणभर थबकलो आणि "हो, येते," असे म्हणून पुढच्या उदाहरणाकडे वळलो. उत्तर ठामपणे दिले खरे, परंतु त्याच्या पाठीशी ज्ञान नव्हते. तास संपल्यावर ते आमच्या मनास टोचू लागले. जाणकारांस विचारले, पुस्तके चाळली, आणि मग कळून आले की, त्या मुलीने सहज विचारलेला प्रश्न आजच्या पदार्थविज्ञानातील अतिशय कठीण प्रश्नांपैकी एक आहे. आणि आम्ही दिलेले उत्तर बहुधा चुकीचे आहे. वर्गात दिलेले चुकीचे उत्तर वर्गापुढेच दुरुस्त करावयास हवे. प्रस्तुत लेख ही ती दुरुस्ती होय.

आरंभ आपल्या गावातील एका लांबीपासून करू. आपल्या हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामी स्थानकावरील फलाट १५०७ मीटर लांबीचा असून जगातील सर्वांत लांब रेल्वे-फलाट म्हणून त्याची नोंद झाली आहे. १२ मार्च २०२३ रोजी त्याचे लोकार्पण झाले. आता १५०७ या संख्येपुढे दशांशचिन्ह देऊन आपण आणखी किती अंक लिहू शकू, हा आपला प्रश्न. तिसरा अंक मिलिमीटरचा असेल. सातव्या अंकाशी आपण डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपर्यंत पोहोचतो. दहाव्या अंकाशी अणू येतो. पंधराव्या अंकाशी अणूच्या गर्भातील प्रोटॉन. हा क्रम कोठवर चालू ठेवावयाचा?

व्यवहारी मनुष्य लगेच म्हणेल की, फलाटाची लांबी इतकी काटेकोर नसतेच. त्याचे म्हणणे बरोबर आहे. काँक्रीट उष्णतेने प्रसरण पावते. मध्ये सांधे ठेवलेले नसते, तर तापमान केवळ दहा अंशांनी वाढताच हा फलाट सुमारे १५ सेंटिमीटर लांबला असता. शिवाय त्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर खडबडीत दिसेल. फलाट नेमका कोठे संपतो हेच सांगता येणार नाही. परंतु हे दोष फलाटाचे आहेत, अंतराचे नव्हेत. म्हणून फलाट बाजूस ठेवू आणि केवळ दोन ठिकाणांमधील अंतराचा विचार करू. त्या अंतराला दशांशचिन्हापुढे कितीही अंक असू शकतात काय?

या वाटेवर पहिला अडथळा १९२७ साली दिसून आला. जर्मन शास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांनी त्या वर्षी अनिश्चिततेचे तत्त्व मांडले. एखाद्या कणाचे स्थान आणि त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी निश्चित असू शकत नाहीत, असे हे तत्त्व सांगते. एक जितके निश्चित करावे, तितके दुसरे अनिश्चित होते. आणि या दोन अनिश्चिततांचा गुणाकार एका ठरावीक मर्यादेच्या खाली कधीही जात नाही.

असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी अंधाऱ्या खोलीत दोऱ्याला टांगलेल्या कागदाच्या कपट्याचा दाखला घेऊ. तो कोठे आहे हे आपण हाताने चाचपून पाहतो. पण हात लागताच तो हलतो. सूक्ष्म कणाला 'पाहावयाचे' म्हणजे त्याच्यावर प्रकाश टाकावयाचा. बारीक तपशील दिसावा म्हणून प्रकाशाची तरंगलांबी आखूड हवी. आणि तरंगलांबी जितकी आखूड, तितका त्या प्रकाशाचा प्रत्येक कण अधिक ऊर्जेचा. असा जोरकस प्रकाशकण इलेक्ट्रॉनवर आदळला म्हणजे त्याचे स्थान कळते, परंतु त्याच क्षणी त्याला मोठा धक्का बसतो. मात्र हा दाखला समजुतीपुरताच घ्यावा. कण आधी निश्चित होता आणि आपण तो बिघडविला, असे पुंजयामिकी, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्स, मानीत नाही. तितकी निश्चितता त्या कणाच्या ठायी मुळातच नसते. हा दोष उपकरणाचा नसून निसर्गाची रीतच तशी आहे.

येथे एक गोष्ट ध्यानी घेणे अवश्य आहे. हायझेनबर्ग यांच्या तत्त्वाने अंतराच्या सूक्ष्मतेला बंदी केलेली नाही. स्थान हवे तितके अचूक मोजा, फक्त तितकी ऊर्जा खर्च करा आणि संवेगाविषयीचे ज्ञान सोडून द्या, इतकेच ते सांगते. दुकानदार मोठी किंमत सांगतो, पण माल नाकारीत नाही. जिनिव्हाजवळ २७ किलोमीटर परिघाच्या भुयारात प्रोटॉनांची टक्कर घडवून आणणारे जे प्रचंड यंत्र आहे, ते अशीच किंमत मोजून आपल्या दशांशाच्या सुमारे एकोणिसाव्या अंकापर्यंत पोहोचले आहे. याहून मोठे यंत्र बांधावे, विसाव्या अंकापर्यंत जावे. त्याहून मोठे बांधावे, एकविसाव्या अंकापर्यंत जावे. केवळ पुंजयामिकीच खरी असती, तर आमचे वर्गातील उत्तर टिकले असते.

परंतु निसर्गात गुरुत्वाकर्षणही आहे. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत पूर्ण केला, त्याचे सार असे की, वस्तुमान आणि ऊर्जा जेथे साचतात तेथील अवकाशाची भूमितीच वाकते. आपण शाळेत भूमिती शिकतो तेव्हा फळा स्थिर असतो आणि आकृत्या त्यावर काढल्या जातात. आइन्स्टाइन यांच्या सृष्टीत मात्र खडूच्या भाराने फळाच वाकतो. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश वाकतो, हे १९१९ सालच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पडताळून पाहण्यात आले. ऊर्जा फारच लहान जागेत कोंडली, तर अवकाश इतके वाकते की तेथून प्रकाशही बाहेर पडत नाही; त्यास कृष्णविवर म्हणतात. आपली सबंध पृथ्वी दाबून खेळण्याच्या गोटीएवढी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर त्रिज्येची, करता आली, तर तिचे कृष्णविवर होईल.

आता हे दोन सिद्धांत एकत्र आणू. अधिकाधिक सूक्ष्म अंतर पाहावयाचे तर अधिकाधिक ऊर्जा अधिकाधिक लहान जागेत कोंडावी लागते, ही पुंजयामिकीची अट. परंतु कोंडलेली ऊर्जा तेथील भूमिती वाकविते, हा आइन्स्टाइन यांचा नियम. पाहण्यासाठी पाठविलेला प्रकाशकण स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने त्या इलेक्ट्रॉनला ओढतो आणि ज्या अंतराचे माप घ्यावयाचे तेच बदलून टाकतो. म्हणून अनिश्चिततेचे दोन भाग पडतात. पहिला हायझेनबर्ग यांचा. ऊर्जा वाढवावी तसा तो कमी होतो. दुसरा गुरुत्वाकर्षणाचा; ऊर्जा वाढवावी तसा तो वाढत जातो. खरी अनिश्चितता या दोहोंच्या बेरजेएवढी.

सोप्या अंकांनी हे पडताळून पाहू. सोयीसाठी असे धरू की, १ ला ऊर्जेने भागले असता पहिला भाग मिळतो आणि दुसरा भाग ऊर्जेएवढाच असतो. ऊर्जा पाव असेल तर पहिला भाग ४ आणि दुसरा पाव, बेरीज सव्वाचार. ऊर्जा अर्धी केली तर २ आणि अर्धा, बेरीज अडीच. ऊर्जा १ केली तर १ आणि १, बेरीज २. इथवर ऊर्जा वाढविल्याचा लाभ झाला. आता ती २ करू: पहिला भाग अर्धा, दुसरा २, बेरीज पुन्हा अडीच! ऊर्जा ४ केली तर सव्वाचार. म्हणजे एका मर्यादेनंतर जितकी किंमत अधिक मोजावी तितका माल कमी मिळतो. कोणतीही धन संख्या आणि तिचा व्यस्त यांची बेरीज २ पेक्षा कमी होत नाही, हे दहावीच्या विद्यार्थ्यांस कागदावर सहज सिद्ध करता येईल. त्यांनी ते अवश्य करून पाहावे. हायझेनबर्ग यांच्या नियमात असा दुसरा भाग मिळविला म्हणजे जे नवे रूप सिद्ध होते, त्यास व्यापक केलेले अनिश्चिततेचे तत्त्व असे म्हणतात. या नव्या रूपात दुकानदार प्रथमच माल नाकारतो.

तो कोठे नाकारतो? हे अंतर किती, याचा अंदाज जर्मन शास्त्रज्ञ माक्स प्लांक यांनी १८९९ सालीच दिलेल्या एका कल्पनेवरून येतो. प्रकाशाचा वेग, गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक आणि स्वतः प्लांक यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला स्थिरांक, हे निसर्गाचे तीन ठरावीक आकडे एकत्र केले म्हणजे एक लांबी मिळते. तिला प्लांक-लांबी म्हणतात. मीटरमध्ये ती लिहावयाची तर दशांशचिन्हापुढे आधी ३४ शून्ये मांडावी आणि मग १६ लिहावेत. ही लांबी फुगवून एक मिलिमीटर केली आणि त्याच प्रमाणात प्रोटॉन फुगविला, तर त्या प्रोटॉनचा व्यास सुमारे ११ प्रकाशवर्षे होईल. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचे अंतरही केवळ ४.२ प्रकाशवर्षे आहे!

तेव्हा आपल्या फलाटाच्या १५०७ या संख्येपुढे अंक लिहीत जावे. सुमारे पस्तिसाव्या अंकाशी लेखणी थांबते. पुढील अंक लिहिता येत नाहीत ते उपकरण कच्चे म्हणून नव्हे. ते मोजण्यासाठी जी ऊर्जा कोंडावी लागेल, तिचेच कृष्णविवर होईल आणि जे पाहावयाचे ते त्याच्या पोटात झाकले जाईल. अधिक ऊर्जा घातली तर कृष्णविवर अधिक मोठे होईल, आणि आपण अधिक सूक्ष्म पाहण्याऐवजी अधिक ढोबळ पाहू. ज्या गोष्टीचे मापन निसर्ग कोणत्याही उपायाने होऊ देत नाही, ती गोष्ट 'आहे' असे म्हणण्यास काही अर्थ उरतो काय? युक्लिडच्या भूमितीत ज्याला भाग नाही तो बिंदू. परंतु अशा बिंदूवर बोट ठेवणेच जर अशक्य असेल, तर खऱ्या अवकाशात 'बिंदू' या शब्दाचा आधारच निखळतो.

हा विचार एकाएकी कोणा एकाला सुचलेला नाही. रशियातील मात्व्हेई ब्रॉन्स्टाइन या तरुण शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवून दिले की, गुरुत्वाकर्षणाला पुंजयामिकी लावू गेल्यास अचूक मापनाची कल्पनाच अडचणीत येते. पुढे दोनच वर्षांनी, १९३८ साली, स्टॅलिनच्या राजवटीत त्यास देहदंड देण्यात आला. तेव्हा त्याचे वय अवघे ३१ वर्षांचे होते. अमेरिकेत हार्टलँड स्नायडर यांनी १९४७ साली अशी भूमिती रचली की, जीत पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर या दोन दिशांकडील स्थानेही एकाच वेळी पूर्णपणे निश्चित करता येत नाहीत. सी. ऑल्डन मीड यांनी १९६४ साली, वर सांगितल्याप्रमाणे, सूक्ष्मदर्शकात गुरुत्वाकर्षण धरून किमान लांबीचा हिशेब मांडला. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, कण हे बिंदू नसून सूक्ष्म तंतू आहेत असे मानणाऱ्या शास्त्रज्ञांसही निराळ्या वाटेने हाच व्यापक नियम आढळला. निरनिराळ्या दिशांनी निघालेले प्रवासी एकाच गावी येऊन पोहोचले, तर ते गाव खरेच तेथे असावे असे वाटू लागते.

या प्रवासात आपल्या भागातील माणसेही आहेत. थनू पद्मनाभन हे मूळचे तिरुअनंतपुरमचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी १९८७ साली, प्लांक-लांबीहून लहान अंतरात घटनेचे स्थान ठरविणे का शक्य नाही, याची मीमांसा प्रसिद्ध केली. पुढे ते पुण्याच्या आयुका संस्थेत आले आणि २०२१ साली निधन होईपर्यंत या विषयाचे चिंतन करीत राहिले. आयुकाचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर हे कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले. २०२५ साली ते निवर्तले. त्यांच्या मराठी विज्ञानकथा आपल्यापैकी पुष्कळांनी वाचल्या असतील. पद्मनाभन यांच्याबरोबर त्यांनी १९८६ साली गुरुत्वाकर्षण व पुंजविश्वशास्त्र यांवर ग्रंथ लिहिला होता.

परंतु भूमितीचे स्वरूपच पालटणाऱ्या कार्यात अग्रस्थानी ज्यांचे नाव घेतले जाते, ते डॉ. अभय अष्टेकर धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मले. शिकागो विद्यापीठातून १९७४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि पुढे दीर्घकाळ अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात अध्यापन केले. आइन्स्टाइन यांची समीकरणे त्यांच्या मूळ रूपात अतिशय गुंतागुंतीची. पुंजयामिकीचे नियम त्यांस लावू गेले की हिशेब अडे. अष्टेकरांनी १९८६ साली तीच समीकरणे नव्या चलांत मांडून दाखविली. हुबळी-धारवाडकरांस यातील मर्म चटकन उमजेल. आमच्या घरी कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड. हिशेब एकच, पण जो एका भाषेत अडतो तो दुसऱ्या भाषेत सहज सुटतो. अष्टेकरांनी गुरुत्वाकर्षणाचा अर्थ बदलला नाही. त्याची भाषा बदलली. त्या नव्या भाषेत गुरुत्वाकर्षणाची समीकरणे निसर्गातील इतर बलांच्या समीकरणांसारखी दिसू लागली, आणि त्या बलांना पुंजयामिकी कशी लावावी हे शास्त्रज्ञांस आधीच ठाऊक होते.

या पायावर जो सिद्धांत उभा राहिला त्यास वेटोळ्यांचे पुंजगुरुत्व म्हणता येईल. इंग्रजीतील त्याच्या नावातही 'लूप' हा शब्द आहे. कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांनी १९९५ साली या सिद्धांतानुसार हिशेब करून दाखविले की, क्षेत्रफळ आणि घनफळ ही हवी ती मूल्ये घेत नाहीत; जिन्यावर जशा पायऱ्या, तशी ती ठरावीक टप्प्यांनीच बदलतात. अष्टेकरांनी येर्झी लेवांडोव्स्की यांच्यासह या भूमितीस काटेकोर गणिती रूप दिले. तीत क्षेत्रफळाची शून्याहून मोठी अशी एक किमान पायरी आहे. इरकली लुगड्याचा पदर हातभर अंतरावरून अखंड दिसतो. भिंग लावले की धागे दिसतात. आणि दोन धाग्यांच्या मध्ये 'कापड' कोठे आहे, असे विचारण्यास अर्थ नसतो. या सिद्धांताप्रमाणे अवकाशही तसेच विणलेले आहे. भेद एवढाच की, लुगड्याचे धागे अवकाशात असतात. येथे मात्र धाग्यांच्या विणीतूनच अवकाश होते, त्यांच्याबाहेर दुसरे अवकाश नाही.

किमान क्षेत्रफळाचा परिणाम केवळ सूक्ष्म सृष्टीपुरता राहत नाही. आइन्स्टाइन यांच्या समीकरणांनुसार विश्वाचा इतिहास मागे नेत गेल्यास शेवटी घनता अनंत होते आणि समीकरणे मूक होतात. अष्टेकर, टोमाश पाव्हलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी २००६ साली सोप्या स्वरूपाच्या विश्वासाठी हिशेब केला, तेव्हा त्यांस घनता अनंत न होता एका मर्यादेशी थांबते असे आढळले. तेथून मागे पाहिले असता आणखी एक, आकुंचन पावत असलेले विश्व दिसते. चेंडू जमिनीस लागून उसळावा तसे विश्व उसळले असावे, असा याचा अर्थ. अष्टेकरांस २०१८ साली अमेरिकन फिजिकल सोसायटीचे आइन्स्टाइन पारितोषिक देण्यात आले.

आता वाचक विचारतील की, हे सारे सिद्ध झाले आहे काय? याचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते लपविणे उचित होणार नाही. प्लांक-लांबीपर्यंत पोहोचण्यास एकाच कणात सुमारे ५४० युनिट विजेइतकी ऊर्जा कोंडावी लागेल. घरी इतकी वीज काही महिन्यांत सहज खर्च होते. परंतु ती एका कणात कोंडणे ही गोष्ट निराळी. जिनिव्हाच्या यंत्रातील टकरीची ऊर्जा तिच्या मानाने इतकी थोडी आहे की, ती वाढवावयाची झाल्यास ९ वर १४ शून्ये मांडून होणाऱ्या संख्येने गुणावे लागेल.

म्हणून शास्त्रज्ञ आडवाटेने पुरावा शोधतात. १० मे २००९ रोजी फर्मी नावाच्या अवकाशातील दुर्बिणीने दूरच्या एका स्फोटाचा प्रकाश टिपला. तो ७३० कोटी वर्षे प्रवास करून आला होता. अवकाशाच्या विणीमुळे अधिक ऊर्जेचा प्रकाश किंचित मागे पडत असेल, तर इतक्या दीर्घ प्रवासात तो फरक दिसावयास हवा होता. अतिशय ऊर्जावान असा एक प्रकाशकणही इतरांच्या मागोमाग एका सेकंदाच्या आत येऊन पोहोचला. तेव्हा विणीची ती सर्वांत साधी कल्पना मागे पडली. किमान लांबीची कल्पना मात्र त्यामुळे खोटी ठरली नाही. कारण प्रकाश मागे पडलाच पाहिजे असे तिचे म्हणणे नाही.

मराठवाड्यातही सूक्ष्म अंतरे मोजण्याचे एक मोठे साधन होऊ घातले आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम जी लहर टिपली, तिने ४ किलोमीटर लांबीच्या बाहूत केलेला बदल दशांशाच्या अठराव्या अंकाजवळचा होता. तेथे हायझेनबर्ग यांचे तत्त्व हा पुस्तकातील विषय नसून रोजची अडचण आहे. एका राशीची अनिश्चितता दुसरीवर ढकलून अचूकता वाढविण्याची युक्ती तेथे २०१९ पासून नियमाने वापरली जाते. तरीही अठरावा अंक आणि पस्तिसावा अंक यांच्यामधील मार्ग अजून अंधारातच आहे.

अनेकांस या ठिकाणी कणाद ऋषींचे स्मरण होईल. न्याय-वैशेषिक परंपरेत असा युक्तिवाद आहे की, वस्तूचे विभाजन कोठेच थांबत नसेल, तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा या दोहोंचेही अवयव अनंत, म्हणून दोन्ही सारखेच मोठे ठरतील. सबब विभाजनास शेवट असलाच पाहिजे. हा युक्तिवाद मोठा चतुर आहे आणि त्याचा अभिमान वाटावयास हरकत नाही. परंतु आजचे शास्त्र त्यांस आधीच अवगत होते असे म्हणणे हे त्यांचा आणि आजच्या संशोधकांचा, दोघांचाही, अवमान करण्यासारखे आहे. आजचे गणित अनंत अवयव असूनही लहान-मोठेपणाचा भेद सांगू शकते. प्रश्न प्राचीन आहे. तो मोजमापाच्या कसोटीस लावण्याची खटपट मात्र अर्वाचीन आहे.

जर्मन गणिती बेर्नहार्ट रीमान यांनी १८५४ साली ग्यॉटिंगेन येथे दिलेल्या व्याख्यानात सुचविले होते की, ज्या अनुभवांवरून आपण भूमितीचे नियम बसविले ते अतिसूक्ष्म प्रदेशात लागू पडतीलच असे गृहीत धरू नये. आमची चूक नेमकी हीच होती. रेषाखंडात अनंत बिंदू असतात हे विधान भूमितीत आजही खरे आहे आणि परीक्षेत तसेच लिहावे. कारण भूमितीची रेषा आपण आपल्या बुद्धीने रचलेली आहे आणि तिचे नियम आपणच घातलेले आहेत. अवकाश आपण रचलेले नाही. ते कसे आहे हे त्यालाच विचारावे लागते. आणि फळ्यावर जे खरे ते जगातही खरेच, असे आम्ही न विचारता ठरविले.

म्हणून त्या विद्यार्थिनीस, आणि त्या दिवशी वर्गात बसलेल्या सर्वांस, आमचे दुरुस्त केलेले उत्तर असे: जागा कितीही वेळा अर्धी करता येते असे भूमिती म्हणते. निसर्गात ही क्रिया मीटरच्या पस्तिसाव्या दशांशाजवळ थांबत असावी, असे मानण्यास सबळ कारणे आहेत. परंतु ते प्रयोगाने अद्याप कोणी दाखविलेले नाही. एक मीटर अंतर घेऊन ते अर्धे करीत गेल्यास तिथवर पोहोचण्यास केवळ ११६ वेळा अर्धे करावे लागते. फळ्यावर एका तासिकेत हे सहज होण्यासारखे आहे. आम्ही त्या दिवशी पाचव्या वेळीच थांबून 'अनंत' म्हणून मोकळे झालो होतो. तो प्रश्न त्या मुलीने पुन्हा विचारावा, आणि तो सुटेपर्यंत कोणी ना कोणी विचारीत राहावा, एवढीच इच्छा.